दीड हजेरी

उद्यमनगरात, एका पॅटर्न शॉपच्या वर
आमची रात्रशाळा भरते.
खालची लेथ थांबली की माझा आवाज
शेवटच्या बाकापर्यंत पोचतो,
तोवर मी नुसती फळ्यावर लिहीत राहते.

परवा लिहिलं: ५क्ष − क्ष + ७.
अक्षराच्या पुढ्यात उभा राहतो तो सहगुणक.
पहिल्या क्षचा किती?
"पाच!"
दुसऱ्याचा?
सगळे गप्प. मग इर्शाद शिकलगार,
भट्टीवरून थेट आलेला, भुवयांवर काजळी:
"मोकळाच हाय की, बाई. पुढं कोण न्हाई."
वजा एक, मी म्हटलं. एक असला की लिहीत नाहीत.
लिहिला नाही म्हणजे नाही, असं नाही.
"आन् सात?"
सात एकटा. त्याला अक्षरच नाही.
क्ष चढो, उतरो, शून्य होवो,
सात तो सातच.
"खोलीभाडं," मागून कोणीतरी म्हणालं.
एवढी वर्षं शिकवते,
मला हे सुचलं नव्हतं.

मग गंज.
लोखंड अधिक ऑक्सिजन, बाणापुढे गंज.
एफ-ई, ओ-टू, एफ-ई-टू-ओ-थ्री.
दोन्हीकडचे अणू सारखे यायला हवेत.
दांडी मारायची नाही,
काट्यालाही नाही, वर्गालाही नाही.

इर्शादनं खडू घेतला, ऑक्सिजनच्या पायातला दोन पुसून
तिथं तीन केला.
"झालं!"
नाही झालं. हा ऑक्सिजन उरला नाही, हा ओझोन.
पायातला आकडा त्याच्या हाडाचा, त्याला हात लावू नकोस.
तू माणूसच बदललास, इर्शाद.
माणसं किती, ते बदल.
पुढचा आकडा तेवढा आपल्या हातात.

राजाक्का कोळेकर उठली. कोअर शॉपमधली,
सत्तेचाळीस पूर्ण, दहावीला दुसऱ्यांदा अर्ज,
नखांत तेलकट वाळू.
लोखंडापुढे तिनं दोन लिहिले.
ऑक्सिजनपुढे, जरा थांबून,
दीड.

वर्ग फुटला. "दीड रेणू कुठं असतोय, मावशी?"
ती वळली नाही.
"ओव्हरटाइमला मस्टरवर माजी दीड हजेरी लागती.
दीड बाई बघितलीया का कुणी?"

लेथ थांबलेली होती.
मी मोजलं. लोखंड दोन, दोन.
ऑक्सिजन तीन, तीन.
बरोबर होतं. पुस्तकाला पूर्णांक लागतात इतकंच,
म्हणून म्हटलं, सगळ्यांना दुप्पट कर.
"सगळ्यास्नी? बाणाच्या पल्याडच्यालाबी?"
त्यालाही.
"ज्याच्याम्होरं काय लिवलंच न्हाई, त्यालाबी?"
त्यालाही. त्याचे दोन होतात.
चार, तीन, दोन.
कोअरला हवेची भोकं पाडावीत
तसे एकेक आकडे तिनं दाबून लिहिले
आणि खडू पदराला पुसून परत दिला.

चाचणीचे पेपर रविवारी घरी तपासले.
बाहेर रंकाळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न,
चहा निवत चाललेला.
राजाक्काच्या पेपरात
प्रत्येक मोकळ्या अक्षरापुढे एक होता:
१क्ष, −१क्ष, १य.
लिहायचा नसतो हे तिला दोनदा सांगितलं होतं.
समासात बारीक अक्षरात:
"बाई, ऱ्हाऊ दे. न्हाई लिवला तर मोजताना सुटतोय."

लाल पेनाला मी टोपण लावलं.
परत काढलं.
बरोबरच्या खुणा करत खाली आले
तर सातव्या प्रश्नात, घाईत,
एक क्ष तिच्याकडूनही तसाच राहिलेला.
आजूबाजूला कोणी नव्हतं.
त्याच्यापुढे एक
मी लिहिला.